वापरायला सोपं सॉफ्टवेअर कसं घडवायचं? मराठवाड्यातल्या प्रोग्रॅमर मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर इथले विद्यार्थी आणि छोट्या कंपन्यांतली मुलं मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. आडत दुकानं, बचत गट आणि शेतकरी यांच्यासाठी सॉफ्टवेअर करताना जे शिकले, त्यातून ही उत्तरं दिली आहेत.

"वापरायला सोपं" म्हणजे नेमकं काय? हे ज्याच्या-त्याच्या आवडीवर नाही का?

नाही. आयएसओ ९२४१ या मानकाच्या अकराव्या भागात याची व्याख्या आहे. ती १९९८ साली आली आणि २०१८ मध्ये सुधारली. ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम किती अचूक जमतं, किती कष्टात जमतं आणि त्यांचं समाधान किती होतं, या तीन गोष्टी मिळून वापरसुलभता ठरते. यातला "ठरावीक" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. पुण्यातल्या एसी ऑफिसात जे सोपं वाटतं, ते लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगाजवळ उभं राहून, एका कानाला फोन लावून, दुसऱ्या हातानं टाइप करणाऱ्या मुनिमाला सोपं असेलच असं नाही.

म्हणून कामाच्या सुरुवातीलाच आकडा लिहून ठेवा. "स्क्रीन युजर फ्रेंडली असावी" हे वाक्य कुठल्याही करारात लिहू नका, कारण ते खरं की खोटं हे कुणालाच तपासता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: "नवा मुनीम पहिल्याच दिवशी, कुणाला न विचारता, पाच कट्ट्यांची हिशोबपट्टी दोन मिनिटांत काढेल आणि पाच जणांपैकी चौघांना ती एकही चूक न होता जमेल." यातले आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण ठरवा. पुलाला किती टन भार पेलायचा हे ठरवल्याशिवाय कुणी कॉलम उभा करत नाही.

म्हणजे हे डिझायनरचं काम की इंजिनिअरचं?

दोघांचंही. पण पद्धत इंजिनिअरची आहे. आयबीएममधले जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी १९८५ मध्ये तीन तत्त्वं मांडली: वापरणाऱ्यांकडे आणि त्यांच्या कामाकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या, प्रत्यक्ष मोजमाप करा, आणि चुका सापडतील तसं पुन्हा पुन्हा घडवा. आज हे सगळ्यांना पटतं, पण त्यांनी तेव्हा डिझाइन करणाऱ्यांना विचारलं तर बहुतेकांना ही तिन्ही तत्त्वं आपणहून सांगताच आली नाहीत.

गूल्ड यांच्या गटानं १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी खेळाडूंना आवाजी निरोप देणारी यंत्रणा केली होती. ती करताना त्यांनी यंत्राचा नमुना म्हणून एक पोकळ नळकांडं ऑफिसच्या बोळात उभं करून ठेवलं, म्हणजे येणारा-जाणारा थांबून बघेल आणि काहीतरी बोलेल. कोड पुरता व्हायच्या आधीच लोकांची मतं हाती आली. आपल्याकडे बोळ नसेल तर चहाची टपरी आहे. तिथं फोन पुढे करून "हे जरा करून बघता का?" एवढं म्हटलं की पुरतं.

गावात जाऊन आधी काय बघायचं? लोकांना काय हवं ते विचारून घेतलं की झालं ना?

विचारून अर्धंच कळतं. बाकीचं बघूनच कळतं, कारण रोजचं काम माणसाच्या हातात असतं, तोंडात नसतं. हे मला ज्या रकान्यानं शिकवलं त्याचीच गोष्ट सविस्तर सांगते.

पीक नोंदणीच्या एका छोट्या ॲपमध्ये आम्ही "क्षेत्र (एकर)" असा एकच रकाना ठेवला होता. दशांश चिन्ह चालत होतं. ऑफिसात सगळ्यांनी तपासला, कुणाला काही खटकलं नाही. मग औसा तालुक्यातल्या एका गावात पारावर बसून एका मामांना नोंद करायला दिली. त्यांनी २.२० लिहिलं आणि समाधानानं फोन परत दिला. मी सहज विचारलं, "मामा, रान किती हो तुमचं?" ते म्हणाले, "अडीच एकर की! लिवलंय ना, दोन एकर वीस गुंठं."

त्यांचं अगदी बरोबर होतं. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. पण सॉफ्टवेअरनं २.२० चा अर्थ दोन पूर्णांक दोन दशांश एकर असा लावला, म्हणजे दोन एकर आठ गुंठे. बारा गुंठे रान कागदावरून गेलं आणि कुठंही लाल अक्षरात चूक दिसली नाही. शेजारच्या दादांनी २.५ लिहिलं होतं, त्यांना दोन एकर पाच गुंठे म्हणायचं होतं. तेच २.५ एखाद्या शिक्षकानं अडीच एकर म्हणून लिहिलं असतं. म्हणजे एकाच आकड्याचे दोन अर्थ, आणि डेटाबेसमध्ये दोन्ही सारखेच दिसणार.

ही सवय येते कुठून, तेही बघा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि शंभर आरांचा एक हेक्टर होतो. तिथं १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, दशांशानं वाचलं तरी बरोबरच. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं अशी बिंदूची खूण बघितलेला माणूस तीच एकर-गुंठ्याला लावणार. त्यात त्याचं काहीच चुकत नाही.

आम्ही एका रकान्याचे दोन केले: "एकर" आणि "गुंठे". गुंठ्याच्या रकान्यात ३९ च्या वर आकडा जाऊच दिला नाही. खाली लगेच "अडीच एकर, म्हणजे सुमारे १ हेक्टर १ आर" असं अक्षरात दिसायला लागलं. पुढच्या फेरीत मामांनी ती ओळ बोट ठेवून वाचली आणि मान हलवली. हा बदल करायला दोन तास लागले. तो करायला हवा हे मात्र पारावर बसल्याशिवाय कळलं नसतं.

चाचणी किती लोकांवर घ्यायची? शंभर माणसं कुठून आणू?

शंभर लागत नाहीत, पाच आणा. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये अनेक प्रकल्पांतल्या चाचण्या तपासल्या. एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं त्यांना आढळलं. या हिशोबानं पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात.

पण हा आकडा डोळे झाकून वापरू नका. ३१ टक्के ही त्या प्रकल्पांची सरासरी होती, तुमच्या ॲपमध्ये ती कमी असू शकते. शिवाय वापरणारे वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर प्रत्येक प्रकारातली माणसं हवीत. आडत्या, मापाडी आणि शेतकरी हे तीन वेगळे वापरकर्ते आहेत, पाच आडत्यांवरून शेतकऱ्याचं काही कळणार नाही. आणि पंधरा माणसं मिळाली तर एकदम बसवू नका. पाचांवर बघा, दुरुस्त करा, पुढच्या पाचांवर बघा, परत दुरुस्त करा. पहिल्या पाचांना जी भिंत लागली तीच उरलेल्या दहांना लागू देण्यात काही अर्थ नाही.

चाचणी घेताना बोलायचं काय आणि गप्प कधी बसायचं?

आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण भिडेची असते. घरी आलेल्या पोरीनं केलेल्या कामाला कोण वाईट म्हणेल? "लई झ्याक हाय बाई" असं सगळेच म्हणतात, आणि पुढच्या घोटाबरोबर चहा संपतो. म्हणून मत विचारू नका, काम द्या आणि बघत राहा.

काम सांगताना बटणावरचा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. "नवीन सभासद जोडा वर दाबा" म्हटलं की चाचणी संपलीच. त्याऐवजी म्हणा, "गटात शेजारच्या ताई यायच्या म्हणतात. त्यांचं नाव कसं घालाल?" मनात जे येईल ते मोठ्यानं बोलायला सांगा. सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, "मावशी, तुमची परीक्षा नाही ही. आमचं काम कुठं चुकलंय ते शोधायला आलोय."

मग गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड जातं. बोट बटणावरून पुढे सरकतं, परत मागे येतं, आणि आपली जीभ वळवळायला लागते. तेव्हा मनात वीसपर्यंत आकडे मोजा. समोरच्यानं "आता काय करू?" विचारलं तर "मी इथं नसते तर काय केलं असतं?" एवढंच विचारा. सरपंच, साहेब किंवा घरातला मोठा मुलगा शेजारी असेल तर त्यांना वेगळं काहीतरी दाखवायला बाहेर न्या. ते असले की बाई स्क्रीनकडे बघत नाही, त्यांच्या तोंडाकडे बघते.

शुद्ध मराठी लिहायचं की इंग्रजी शब्द तसेच ठेवायचे?

लोकांच्या तोंडी जो शब्द आहे तो ठेवा. "पासवर्ड" ला "संकेतशब्द" केलं की माणूस थबकतो. "ओटीपी" तर आता आजीलाही कळतो. उलट "सबमिट" पेक्षा "पाठवा" केव्हाही चांगला. एका बचत गटाच्या ॲपमध्ये आम्ही "जतन करा" लिहिलं होतं. एक ताई म्हणाल्या, "जतन म्हंजे जपून ठेवायचं ना? मला तर बँकेला पाठवायचंय." त्यांनी बटण दाबलंच नाही. शब्द शुद्ध होता, पण त्या बटणानं नेमकं काय होणार हे त्यातून कळत नव्हतं.

मराठीच्या काही तांत्रिक गोष्टी इंग्रजी मनात ठेवून काम करणाऱ्यांच्या हातून नेहमी सुटतात. ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवली तर वरचा अनुस्वार आणि खालचा उकार कापला जातो. "नोंद" चा "नोद" होतो. "दऱ्या" आणि "दर्या" हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेतला तर एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. म्हणून साठवण्याआधी आणि शोधण्याआधी मजकूर एकाच रूपात आणा. आकडे १२ आणि इंग्रजी अंकांतला बारा, दोन्ही स्वीकारा. रकमेत स्वल्पविराम लाखाच्या हिशोबानं द्या: १,२५,०००. आणि जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला डेटा हाती आला तर तो आधी युनिकोडमध्ये आणा, कारण त्या फॉन्टशिवाय तो निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो.

माणसांवर चाचणी न घेता आधीच अंदाज बांधता येतो का?

जो माणूस तेच काम रोज शेकडो वेळा करतो, त्याच्या बाबतीत येतो, आणि बऱ्यापैकी अचूक येतो. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरॅन आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० मध्ये कळ-पातळीचं एक मॉडेल मांडलं. त्यात कामाचे तुकडे करून वेळ जोडतात: सरावलेल्या, सरासरी वेगाच्या टायपिस्टची एक कळ ०.२ सेकंद, माउसनं नेम धरणं १.१ सेकंद, हात कीबोर्डवरून माउसवर नेणं ०.४ सेकंद, मनाशी ठरवणं १.३५ सेकंद.

आडतीच्या पट्टीत प्रत्येक ओळीला माउसनं "क्विंटल" निवडावं लागतं असं धरा. ठरवणं १.३५, हात नेणं ०.४, नेम १.१, क्लिक ०.२, हात परत आणणं ०.४. झाले ३.४५ सेकंद. हंगामात दिवसाला तीनशे ओळी धरल्या तर फक्त याच एका निवडीत मुनिमाची सतरा मिनिटं जातात. क्विंटल आधीच भरून ठेवा, एंटर दाबला की पुढचा रकाना येऊ द्या, सतरा मिनिटं वाचली. मालकाला हा हिशोब कागदावर मांडून दाखवा. "वापरायला बरं वाटतं" यापेक्षा तो लवकर पटतो.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या नायनेक्स या टेलिफोन कंपनीचं आहे. ऑपरेटरसाठी आणलेली नवी, महागडी यंत्रं दिसायला वेगवान होती. याच घराण्यातल्या पद्धतीनं हिशोब केला तर ती जुन्यापेक्षा सुमारे तीन टक्के हळू निघतील असं दिसलं, आणि प्रत्यक्ष वापरात ती चार टक्के हळू निघाली. कारण असं की जी कळ पूर्वी ग्राहक बोलत असताना दाबली जायची, ती नव्या यंत्रात त्याचं बोलणं संपल्यावर दाबावी लागत होती.

बटण किती मोठं हवं?

पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवलं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथं पोचायला वेळ जास्त. वेबच्या सुलभतेच्या नियमांच्या २०२३ मधल्या २.२ आवृत्तीत किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत, अँड्रॉइडची शिफारस ४८ एककांची, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटरची आहे. मी ४८ च्या खाली जात नाही. कापूस वेचून भेगा पडलेल्या बोटाला आणि तडा गेलेल्या स्क्रीन गार्डला २४ पुरत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक नियमाप्रमाणे किमान ४.५ ला १ हवा, पण एप्रिलच्या दुपारी रानात उभं राहून बघा. फिकट राखाडी अक्षरं तिथं दिसतच नाहीत.

लोक चुकीचं बटण दाबतात, त्याला आपण काय करणार?

बरंच काही. माझीच चूक सांगते. पट्टी रद्द करायच्या चौकटीत मी विचारलं होतं, "पट्टी रद्द करायची आहे का?" आणि खाली दोन बटणं होती: "रद्द" आणि "ठीक". इंग्रजीतल्या चौकटीची ती सरळ नक्कल होती. मुनीमकाकांना चुकलेली पट्टी रद्द करायची होती, म्हणून त्यांनी "रद्द" दाबलं. चौकट बंद झाली, पट्टी तशीच राहिली. त्यांनी दुसरी, बरोबर पट्टी काढली. संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या नावावर दोन पट्ट्या निघाल्या आणि जमाखर्च जुळवत काका रात्री नऊपर्यंत दुकानात बसले. मला फोन आला तेव्हा ते स्वतःलाच दोष देत होते. तो दोष त्यांचा नव्हता, माझ्या चौकटीचा होता.

आता बटणांवर कृती लिहिते: "पट्टी काढून टाका" आणि "पट्टी राहू द्या". काढून टाकलेली पट्टी दिवसअखेरपर्यंत परत आणता येते. "खात्री आहे का?" असं दर वेळी विचारण्यापेक्षा परत फिरायची वाट ठेवणं बरं, कारण रोज दहादा विचारलं की माणूस न वाचता "हो" दाबतो.

चूक जिवावरही बेतते. थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्रानं १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. सरावलेल्या ऑपरेटरनं चटकन दुरुस्ती केली की आतला क्रम बिघडायचा, आणि स्क्रीनवर "मालफंक्शन ५४" एवढंच यायचं. त्याचा अर्थ ऑपरेटरला कळण्याजोगा कुठं लिहिलेलाच नव्हता, आणि कळ दाबून पुढे जाता येत होतं. तुमच्या ॲपमधला प्रत्येक संदेश मोठ्यानं वाचा. काय झालं आणि आता काय करायचं, हे दोन्ही त्यात नसेल तर तो पुन्हा लिहा.

आमच्याकडे नेट जातं, लाइट जाते. त्याचं काय?

तेही डिझाइनमध्येच धरा. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं, एक सेकंदापर्यंत विचाराची तंद्री मोडत नाही, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. मग माणूस बटण पुन्हा दाबतो आणि दोन नोंदी होतात. म्हणून प्रत्येक नोंदीला फोनमध्येच वेगळा क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं नवी नोंद करू नये. आणि स्क्रीनवर खरं ते सांगा: "फोनमध्ये ठेवलं आहे, अजून पाठवलं नाही. रेंज आली की आपोआप जाईल." नुसतं गोल फिरणारं चक्र म्हणजे उत्तर नव्हे.

तज्ज्ञांकडून तपासून घेतलं तर लोकांची गरज उरते का?

उरते. नील्सन आणि रॉल्फ मोलिख यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत चांगली आहे: तीन ते पाच जणांनी वेगवेगळं बसून ठरावीक नियमांवर स्क्रीन तपासायची आणि मग याद्या एकत्र करायच्या. ढोबळ चुका त्यात निघून जातात. पण वीस गुंठ्यांची चूक कुठल्याही तज्ज्ञाला सापडली नसती.

चाचणीनंतर गुण द्यायची प्रश्नावली मराठीत चालते का?

जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेली दहा विधानांची प्रश्नावली सगळ्यात जास्त वापरली जाते. प्रत्येक विधान किती पटतं ते १ (अजिबात नाही) ते ५ (पूर्णपणे) असं सांगायचं असतं. विषम विधानांच्या उत्तरातून १ वजा करा, सम विधानांचं उत्तर ५ मधून वजा करा, सगळं मिळवून २.५ नं गुणा. शंभरपैकी गुण मिळतात, पण ती टक्केवारी नाही. सरासरी ६८ च्या आसपास असते. यातली निम्मी विधानं उलट्या अर्थाची असतात आणि मराठीत "मला असं वाटत नाही की..." अशी वाक्यं ऐकताना लोक गोंधळतात. मी विधान वाचून दाखवते आणि मग "म्हणजे तुम्हाला अवघड गेलं, असंच ना?" असं पडताळून घेते.

मालक म्हणतो वेळ नाही, पैसे नाहीत.

एसटीचं तिकीट, कागद, पेन आणि एक दिवस. एवढाच खर्च आहे. स्क्रीन कागदावर काढा, "दाबलं" की पुढचा कागद ठेवा, कोड लिहायच्या आधीच निम्म्या अडचणी दिसतात. आणि परवानगी घेऊन अडखळणाऱ्या मुनिमाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून मालकाला दाखवा. स्वतःच्या दुकानातला माणूस अडलेला बघितला की मालक वेळ काढतो.

चाचणीला बसणाऱ्याला पैसे द्यायचे का?

हो. त्या दिवशी त्याचा रोज बुडत असेल तर पूर्ण रोज द्या, आणि तो चाचणी सुरू व्हायच्या आधी द्या. काम जमलं नाही तर पैसे मिळणार नाहीत ही धास्ती मनात असली की माणूस चुका लपवायला लागतो. आवाज किंवा हात रेकॉर्ड करायचा असेल तर विचारून करा, चेहरा घेऊ नका, आणि खरा आधार क्रमांक, खरं बँक खातं चाचणीत कधीही टाकायला लावू नका. बनावट नाव आणि बनावट क्रमांकाची चिठ्ठी आधीच लिहून सोबत न्या. मी ती मोठ्या अक्षरात, दोन प्रतींत नेते, कारण एक बहुतेक वेळा घरातली लहान पोरं खेळायला घेऊन जातात.